पाहुण्यांच्या वहीतले पत्ते

आमच्या ओसरीवर एक जाड वही असते. मुक्कामाला आलेला पाहुणा तीत नाव, गाव, फोन आणि ईमेल लिहितो. 2018 साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्याच्या आदल्या वर्षीच आम्ही बागेशेजारच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करून लोक संध्याकाळी यायचे, पिठलं-भाकरी खायचे आणि सकाळी निघताना विचारायचे, "ही काळी द्राक्षं पुण्यात कुठं मिळतील?"

व्यापारी बागेत येऊन जो भाव सांगायचा आणि हीच माणसं पुण्यात जो भाव देत होती, त्यांतला फरक पाहून मला वही आठवली. 2019 च्या जानेवारीत चार रात्री बसून मी 412 पत्ते कॉम्प्युटरवर उतरवले. मेल लिहिला, बागेचा फोटो जोडला, सगळे पत्ते एकाच ओळीत टाकले आणि धाडून दिला. प्रत्येकाला बाकीच्या 411 जणांचे पत्ते दिसतात, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यातल्याच कुणीतरी ती आयती यादी उचलून सगळ्यांना बंगल्याच्या प्लॉटची जाहिरात पाठवली होती, आणि लोक मला विचारत होते, "तुमचा प्लॉटचाही धंदा आहे का?"

नंतर वाचलं, की अशा फुकट्या जाहिरातीचा पहिला मेल मानतात तो 1978 च्या मे महिन्यात अमेरिकेत गेला होता. गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्यानं कॉम्प्युटरच्या जाहिरातीसाठी चारेकशे जणांना तो पाठवला. पत्ते इतके झाले की वरच्या जागेत मावेनात, ते खाली मजकुरात सांडले. मला जरा बरं वाटलं. चाळीस वर्षांनी मी तेच केलं होतं.

प्लॉटचं प्रकरण माफी मागून मिटलं. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचं मात्र मिटलं नाही. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: वहीत पत्ता मी मुक्कामाची नोंद म्हणून लिहिला होता, द्राक्षांची चौकशी केली नव्हती, तरी नाव कमी करावे. मी करते करते म्हणत राहिले आणि पुढचा मेल त्यांनाही गेला. मग पुन्हा एक. तिसऱ्या वेळी त्यांचा फोन आला. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमच्या ओसरीवर मी दोन दिवस राहिलो. म्हणून तुमच्या माजघरात शिरलो का?" मी रिसीव्हर धरून गप्प.

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "नारायणगावच्या राहुट्या बघितल्यात ना?" पाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड तिथं राहुट्या ठोकतात, बाहेर फडाच्या नावाचा बोर्ड लावतात आणि बसतात. फडमालक गावोगाव दारं वाजवत नाही. गावचे पंच जत्रेसाठी आपणहून येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, मग सुपारी ठरते. "ज्याला जत्रा भरवायचीय तो येतोच," आबा म्हणाले. तमाशाचं सगळंच काही घेण्यासारखं नाही, पण हे पटलं.

मग मी 412 जणांना एकच शेवटचा मेल केला, या वेळी पत्ते झाकून. हंगामात दोनदा द्राक्षांची खबर हवी असेल तर 'हो' एवढंच लिहा, नाही लिहिलंत तर पुन्हा मेल येणार नाही. 97 जणांनी लिहिलं. 315 पत्ते पुसताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. वहीतही तेव्हापासून ईमेलच्या पुढं एक चौकोन आहे, 'द्राक्षांची खबर हवी'. खूण पाहुण्यानं स्वतः करायची. आधीच करून ठेवलेली नसते.

एवढं करूनही मी सुधारले असं नाही. पुढच्याच हंगामात, माल पडून राहतोय म्हणताना, मी लिहिलं, 'शेवटच्या 30 पेट्या, त्वरा करा.' दुसऱ्या दिवशी औंधचं एक कुटुंब गाडी घेऊन थेट बागेवर आलं, पेट्या संपायच्या आत मिळाव्यात म्हणून. शेडमध्ये छताला टेकतील एवढ्या पेट्या रचलेल्या. बाईंनी एकदा पेट्यांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि दोन पेट्या घेऊन गेल्या. बोलल्या काहीच नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत.

त्याच्या उलट एकदा झालं. 2021 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा आला. जुन्नर-आंबेगावात शेकडो मेंढ्या दगावल्या. आमच्या लवकर छाटलेल्या बागेत पाणी भरलेले मणी तडकले. आगाऊ मागण्या होत्या, काहींचे पैसेही आले होते. मी फोटोसकट लिहिलं: लवकरचा माल गेला, उशिराच्या बागेतला फेब्रुवारीत निघेल, तोही कमी, पैसे परत हवेत तर कळवा. 11 जणांनी परत मागितले, त्याच आठवड्यात दिले. बाकीचे थांबले. त्या मेलला जेवढी उत्तरं आली तेवढी कुठल्याच सवलतीच्या मेलला आली नव्हती.

सगळ्यात अवघड गेलं ते भावाला नाही म्हणणं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. भाऊ डिंभ्याच्या वरच्या गावांतून हिरडा घेतो, त्याची पावडर करून विकतो. तोवर माझी यादी 240 वर गेली होती. तो म्हणाला, "ताई, तुझी यादी दे की." मी म्हटलं, त्यांनी द्राक्षांची खबर मागितलीय, हिरड्याची नाही. "मी काय परका आहे का?" याला उत्तर नसतं. त्यात त्यानं मजकूर आणला होता, 'पोटाचे सर्व विकार मुळापासून बरे.' चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आवर घालणारा कायदा 1954 पासून आहे, हे सांगितल्यावर तो आणखी चिडला. शेवटी मी माझ्याच मेलच्या तळाशी एक ओळ टाकली: माझा भाऊ हिरड्याची पावडर करतो, ज्यांना हवी त्यांनी त्याला कळवावं. 19 जणांनी कळवलं. तो भाऊबीजेपर्यंत माझ्याशी नीट बोलला नव्हता.

पुढं माझ्या भाच्यानं सांगितलं, की आता कायदाही हेच म्हणतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी संमती धरायची आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं ठेवायचं. नको असलेले फोन आणि मेसेज थांबवायला 1909 हा नंबर आहे, ईमेलला तो लागू नाही. जीमेलनं 2024 च्या फेब्रुवारीपासून दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडायची सोय सक्तीची केली. माझे जेमतेम अडीचशे, मला ते बंधन नाही. तरी भाच्याकडून ते बटण बसवून घेतलं, आणि तळाला बारीक अक्षरात न ठेवता द्राक्षांच्या भावाच्या लगेच खाली ठेवलं.

यंदाच्या पहिल्या मेलनंतर चौघांनी ते दाबलं. त्यातली एक मुंबईची माझी सख्खी नणंद. का म्हणून मी विचारलं नाही. तिची पेटी दरवर्षीसारखी टेम्पोनं गेली, तिच्याकडून आम्ही पैसे घेतच नाही.