दर्यात शोधायला कोण येणार?

आमचे कार्ले डोंगराच्या कुशीतले. येथून समुद्र दिसत नाही. पण समुद्राची माणसे येथे येतात. चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला कोळी बांधव पालख्या नाचवीत गड चढतात. पलीकडे लोणावळ्याला तर नौदलाचे 'आय. एन. एस. शिवाजी' हे केंद्र १९४५ पासून आहे. जहाजांची इंजिने सांभाळणारी माणसे तेथे, या घाटमाथ्यावर तयार होतात.

माझ्या धाकट्या भावाने नौदलात जायचे मनावर घेतले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "इंद्रायणीला पूर आला की तुम्हांला मी काठावरसुद्धा जाऊ दिलं नाही. दर्यात बुडालं तर शोधायला कोण येणार?"

त्या प्रश्नाने मला कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांच्या चरित्राकडे नेले.

सामंत हे पाणबुडीवरचे अधिकारी. १९६९ मध्ये नौदलात आलेल्या 'करंज' पाणबुडीचे ते पहिले कप्तान. १९७१ साली त्यांच्याकडे निराळेच काम आले. प्लासीजवळ भागीरथीच्या काठी बंगाली तरुणांना, छातीशी सुरुंग बांधून रात्री पोहण्याचे शिक्षण दिले जात होते. ऑगस्टच्या मध्यरात्री याच पोरांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी जहाजे उडविली. या गुप्त मोहिमेच्या सूत्रधारांपैकी सामंत एक होते.

डिसेंबरात ते चार छोट्या नौका घेऊन अनोळखी जलमार्गाने मोंगला व खुलन्यावर चालून गेले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी शत्रू समजून 'पद्मा' आणि 'पलाश' या नौकांवर हल्ला केला. दोन्ही बुडाल्या. किनाऱ्यावरून शत्रूचा गोळीबार चालूच होता. सामंतांची 'पनवेल' वाचलेल्या लोकांनी भरून गेली, तरी त्यांनी पाण्यातली माणसे उचलून सुरक्षित जागी धाडली आणि मगच ते पुन्हा लढाईला वळले. त्यांना महावीर चक्र मिळाले. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मी आईला म्हटले, "शोधायला असा माणूस येतो."

आईने सारे ऐकून घेतले. मग विचारले, "सगळे वाचले का?"

नाही. 'पलाश'च्या इंजिनखान्यातले मोहम्मद रुहुल अमीन नौका सोडायला तयार झाले नाहीत. ते गेले. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. आणि माझ्या भावाला जायचे आहे तेही इंजिनखान्यातच.

हेही मी आईपासून लपविले नाही. पदकाची गोष्ट सांगावी, तर बुडालेल्या नौकांसकट सांगावी, असे मला वाटते. भरतीचा अर्ज अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहे. आईने तो फाडलेला नाही. फक्त त्यावर हळदीकुंकवाची डबी ठेवली आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून.