निचरा : परसातला आणि परिभाषेतला

मराठी समीक्षेत ‘निचरा’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. शोकात्मिकेमुळे करुणा आणि भीती या भावनांचा निचरा होतो, हे वाक्य वर्गात कधीच उच्चारले नाही असा साहित्याचा अध्यापक सापडणे कठीण. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या व्याख्येत ‘कॅथार्सिस’ हा शब्द योजला, पण त्याचा अर्थ तिथे उलगडून सांगितला नाही. त्यामुळे पुढच्या भाष्यकारांना रान मोकळे मिळाले. कुणी वैद्यकाच्या अंगाने ‘विरेचन’ म्हटले, कुणी ‘शुद्धीकरण’. या पर्यायांत ‘निचरा’ हा सर्वांत घरगुती, मातीतला शब्द. त्याची ही मातीकडची बाजू मला गेल्या दोन पावसाळ्यांत घरामागच्या परसात जवळून पाहायला मिळाली.

शिंदखेड्यात राहून ‘परसात पाणी साचते’ अशी तक्रार करणे काहीसे विसंगत वाटेल. बुराई नदीकाठचे हे गाव अवर्षणाच्या पट्ट्यातले. वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसांनी पावसाळ्यात पाणी घालवण्याचे उपाय शोधावेत, ही विसंगती केवळ आमच्या घरापुरती नाही. पाऊस थोडा असणे आणि पाणी साचणे या गोष्टी एकमेकींच्या विरोधात नसतात. आलेले पाणी जमिनीत जात नाही, हेच पुष्कळदा दोन्हींचे मूळ असते.

आमची वसाहत जुन्या शेतजमिनीवर उभी आहे. वर साधारण चार फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम. काळ्या मातीचा स्वभाव मोठा चमत्कारिक. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी या भेगांतून घटाघटा पिते. पण तिच्यातले चिकणमातीचे कण ओलाव्याने फुगतात, भेगा मिटतात आणि जमिनीचे तोंड जणू बंद होते. म्हणूनच जूनमध्ये परस कोरडा राही आणि ऑगस्टमधल्या तेवढ्याच पावसाने त्याचे तळे होई. त्यात पुढचा रस्ता दर खेपेला काँक्रीटचा नवा थर घेऊन उंच होत गेलेला. चार-चार दिवस घोटाभर पाणी, लिंबाची पिवळी पडलेली पाने, पायरीवर शेवाळ आणि संध्याकाळी डास असा तो सगळा संसार होता.

सोपा उपाय समोर होता. मागच्या भिंतीला भोक पाडून पाइप टाकायचा आणि पाणी बोळात सोडायचे. वसाहतीत अनेकांनी तेच केले आहे. पण बोळाचा उतार पलीकडच्या एका जुन्या धाब्याच्या घराकडे जातो. तिथे एक आजी एकट्या राहतात. धाब्याच्या घराची रचना खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको : मातीच्या जाड भिंती, लाकडी सरे आणि त्यांवर मातीचा जड थर. अशा भिंतीच्या पायाशी पाणी राहिले की ओल वर चढते, तळची माती मऊ होते. माथ्यावरचा भार मात्र तेवढाच राहतो. पाइपचा विषय निघाला तेव्हा आजी भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “माय, तुझं पाणी तुला अंगणात दिसतं. माझ्या भिंतीत गेलेलं मला दिसायचं नाही.”

या वाक्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. पाणी माझ्या नजरेआड जाणे आणि पाण्याचा निचरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पाणी फक्त पत्ता बदलते.

आपल्याच जिल्ह्यातली फड पद्धत या संदर्भात आठवते. पांझरेवर काही शतकांपासून चालत आलेल्या या सामूहिक सिंचनाचा विचार आपण बहुधा पाणी वाटून घेण्याची व्यवस्था म्हणून करतो. बंधारा, पाट, फड, पाळी सांभाळणारा पाटकरी हे सारे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्या रचनेत जादा पाणी पुन्हा नदीकडे सोडण्याचीही सोय असे, याकडे लक्ष कमी जाते. पाणी कुणाला मिळावे हे ठरवणाऱ्यांनी नको असलेले पाणी कुठे जावे हेही ठरवले होते. नकोशा पाण्याची जबाबदारी घेणे हाही पाणीवाटपाचाच भाग होता.

काम करायला आलेल्या गवंड्याने हे अहिराणीत एका वाक्यात सांगितले : “ताई, पानीले जागा जोयजे.” मग जागेचा हिशेब मांडला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पन्नास मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,६०० लिटर पाणी जमते. चार फूट लांब, चार फूट रुंद, सहा फूट खोल अशा शोषखड्ड्यात दगडगोटे भरले की पोकळी उरते ती फार तर हजार-अकराशे लिटरची. म्हणजे सगळा भार एका खड्ड्यावर टाकून भागणार नव्हते. गच्चीचे पाणी पन्हाळीतून टाकीत घेतले. घराच्या भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच असा बाहेरचा उतार दिला. टाकीतून ओसंडणारे पाणी कर्दळी आणि केळींच्या खोलगट वाफ्यात वळवले आणि त्यातून उरलेले शोषखड्ड्यात. खड्ड्याआधी गाळ अडवणारी छोटी कुंडी केली, कारण गाळ आत गेला की शोषखड्डा दोन-तीन पावसांत तुंबतो. खड्डा घराच्या पायापासून आणि बोळापासूनही दूर ठेवला.

महत्त्वाची गोष्ट खोलीची होती. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेले भांडे. मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय पाण्याला वाट मिळत नाही. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास सुरू केलेल्या कामाचे, म्हणजे ‘शिरपूर पॅटर्न’चे मर्मही याच्या जवळचे आहे. पाणी न झिरपू देणारे थर भेदून नाले खोल-रुंद करायचे आणि साठलेले पाणी खालच्या थरांपर्यंत पोचवायचे. परसातला खड्डा त्या कामापुढे अगदीच क्षुल्लक; पण प्रश्न तोच : वरच्या थराने नाकारलेले पाणी खालचा थर स्वीकारील का?

या पावसाळ्यात चार दिवस राहणारे पाणी बहुतेक वेळा काही तासांत उतरले. सलग झडीत ते अजूनही साचते. काळी माती आपला स्वभाव सोडत नाही आणि तिने तो सोडावा अशी अपेक्षाही नाही. लिंबाला नवी पालवी आली. बोळाकडच्या भिंतीला भोक पडले नाही.

आता ‘भावनांचा निचरा’ शिकवताना वाक्य उच्चारून पुढे जाणे जमत नाही. आपण या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘बाहेर टाकणे’ असा करतो : नाटक पाहिले, रडलो, मोकळे झालो. शेतकऱ्याला मात्र ‘चांगला निचरा होणारी जमीन’ म्हणजे पाणी फेकून देणारी जमीन अभिप्रेत नसते. ओल धरून मुळे कुजू न देणारी, जादा ते खाली जाऊ देणारी जमीन त्याला हवी असते. या अर्थाने पाहिले तर शोकात्मिका दुःख आपल्यातून हाकलत नाही. वरच्या थरात कुजत राहिलेले दुःख ती खोल मुरवते. आणि जे नुसते बाहेर टाकले जाते, ते कुणाच्या भिंतीत मुरते, हा प्रश्न विचारण्याची तयारी निदान साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी ठेवायला हवी.