गॅलरीच्या खिडक्या

आज कपाट आवरताना गॅलरीच्या अर्जाची फाइल पुन्हा हाती लागली. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या आमच्या जुन्या घराची गॅलरी आम्ही २०१४ साली बंद केली. सागवानी झडपांना वाळवी लागलेली. त्या काढून सरकत्या काचांच्या खिडक्या गॅलरीच्या कठड्यावरच बसवल्या. सुतार म्हणाला, खिडकीला कसली परवानगी? त्याचं निम्मं बरोबर होतं. झडप होती तिथेच नवी बसवली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण उघडी गॅलरी बंद झाली की ती खोली होते, आणि मंजूर नकाशात ती खोली नसते.

पुढे सरकारने दंड भरून अनधिकृत बांधकाम नियमित करण्याची योजना आणली, २८ ऑक्टोबर २०१५ पर्यंतच्या कामांसाठी. आम्ही हौसेने अर्ज केला. नकाशा, फोटो, खरेदीखत, सगळं जोडलं. मग योजनेविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली आणि अंतिम मंजुऱ्या अडल्या. याचिकेतलं म्हणणं मला पटतंही, हीच पंचाईत! सगळेच दंड भरून सुटणार असतील, तर नकाशा पास करून घेणारा वेडाच की.

खिडक्या कधी बसवल्या, असं एका कारकुनाने विचारलं होतं. मी सवयीने "परसों" म्हणालो. हैदराबादी दखनीत परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. त्याने हसून तारीख मागितली.

झडपा अजून माळ्यावर आहेत. आईने टाकू दिल्या नाहीत.