अब्बांची जीप

त्र्यंबकचा पाऊस असा, की लोखंड माणसाआधी म्हातारं होतं. अब्बांची महिंद्रा जीप बारा वर्षं अंगणात ताडपत्रीखाली होती. भंगारवाला वजनावर मागत होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि धाकट्या भावाने ती खोलली, तर खालचा पत्रा बोटाने तुटला. एकेक नट सोडवायला दोन दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवावा लागला.

भावाला रुंद टायर आणि बोलेरोचं इंजिन हवं होतं. मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवलं, परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. अम्मी म्हणाली, "मास्तर घरीही मास्तरच!"

याच जीपने अब्बांनी नाशिकहून भाविक आणले. माझं बीएड त्याच भाड्यातलं. ही कंपनी 1945 मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' होती, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये नाव बदललं, हे ते प्रवाशांना हमखास ऐकवायचे.

आता त्यांना दिसत नाही. परवा इंजिन सुरू झालं, तसे ते भिंत चाचपत दारात आले. बराच वेळ ऐकलं.

"मिसिंग मार रही है बेटा, नोझल देख."

नोझल काढला. काजळीने भरला होता.