ओल्यातली ऊब

पंचवटीत वाढलेल्या पोरांना गार पाण्याचं भय नसतं, असा आमचा समज. माघातल्या पहाटे रामकुंडात उड्या मारायच्या, कुडकुडत बाहेर यायचं, वर गरम चहा. त्यामुळे गंगापूर धरणावर कयाक पाण्यात घालण्याआधी काका काळा रबरी सूट चढवू लागले, की मला हसू यायचं. काका आमच्याच आळीतले, नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. "काका, थंडी बाधते वाटतं?" मी एकदा विचारलंच. पाठीवरची चेन ओढत ते म्हणाले, "पाण्यात पडल्यावर सांग."

ते वर्ष २०१६. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला नौका वल्हवून आला होता आणि नाशकात माझ्यासारख्या हौशींचे हात शिवशिवत होते. डिसेंबरातल्या एका सकाळी नको तितकं वाकलो आणि कयाक उलटली. चूक सर्वस्वी माझी. पाण्यात पडताक्षणी छातीनं आपसूक मोठा श्वास ओढला. लाइफ जॅकेट होतं म्हणून तोंड वर राहिलं. पुढची वीसेक मिनिटं मी उलट्या कयाकला धरून होतो. बोटांची मूठ वळेना, दातांवर दात आपटत होते. बुडी मारून निघणं वेगळं आणि पाण्यात राहावं लागणं वेगळं, हे रामकुंडानं कधी शिकवलं नव्हतं. काकांनी मला ओढत काठावर आणलं. बोलले काहीच नाहीत.

संध्याकाळी त्यांचा जुना सूट घेऊन तेच घरी आले. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीसेक पट वेगानं ओढून नेतं, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. मग सुटाची कड माझ्या हातात दिली. "दाबून बघ. निओप्रीनमध्ये बारीक बुडबुडे असतात, ऊब ते धरून ठेवतात. आत थोडं पाणी शिरतंच, ते अंगानं तापतं. पण सूट ढगळ असला तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत. मग घातला काय न् नाही काय!"

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाला हेच उमगलं होतं: ऊब हवी तर कोरडंच राहायला हवं असं नाही. त्यातूनच त्याला सुचलेल्या या सुटाचं त्यानं पेटंटही घेतलं नाही. काका हे सांगताना एखाद्या नातलगाचं कौतुक करावं तसे खुलले.

सूट अंगात चढेना, तेव्हा काकांनी पायांवर टाल्कम पावडर फासली आणि लहान पोराला विजार घालावी तसा मला त्यात कोंबला. "गोड्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. उन्हात टाकलास तर बघ."

पुढे तारकर्लीच्या कोमट समुद्रातही तो सूट मी घातला. तिथलं पाणीही अंगापेक्षा गारच असतं आणि खडक खरचटल्याशिवाय सोडत नाहीत.

काका गेले. त्यांचा सूट आता ताठरलाय, खांद्यांत मला ढगळ होतो. त्यांच्याच नियमानं निकामी. माझ्या मापाचा नवा घेतलाय. तरी दर हिवाळ्यात दोन्ही धुतो, दोन्ही सावलीत टांगतो. जुन्याच्या बाह्या कोपरांत किंचित वाकलेल्या आहेत, वल्हं धरल्यासारख्या. ते वळण माझ्या हातांचं नाही.