अडुळशाचा अर्क आणि पुरावा

औंढा नागनाथच्या वाटेवर बांधावरचा अडुळसा आज पांढऱ्या फुलांनी भरलेला दिसला. आमच्या हिंगोलीकडे खोकला झाला की आजीचा हात आधी याच पानांकडे जायचा. पानांत वासिसिन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्याच रचनेवरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध घडले. म्हणजे आजीचे काही चुकत नव्हते.

पण प्रयोगशाळा एवढ्यावर मान डोलावत नाही. पाने सावलीत वाळवायची, दळायची, इथेनॉलमध्ये भिजवून गाळायची. मग हा अर्क जिवाणूंना रोखतो का हे पाहायला जिवाणू पसरलेल्या अगारच्या थाळीत एकीकडे अर्क, दुसरीकडे नुसते इथेनॉल. अर्काभोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. नुसत्या इथेनॉलभोवतीही तेवढेच उमटले, तर श्रेय पानाचे नाही. शिवाय थाळीतले जिवाणू मेले म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. मात्रा किती, यकृताला झेपेल का, हे प्रश्न उरतातच.

वासिसिन गर्भाशयाचे आकुंचनही वाढवते. म्हणून आजीच्या बटव्याचा मान ठेवा, पण गरोदर बाईला हा काढा देऊ नका. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, तर काढ्यावर न विसंबता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या.