ठासणीची बंदूक

सावंतवाडीजवळच्या आमच्या घरात, माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर एक ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली असे. परवाना शेतीसंरक्षणाचा, आजोबांच्या नावाचा. वर्गात ‘ठासून सांगणे’ हा वाक्प्रचार आला की मला ती बंदूक आठवते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी. आणि हे सारे गजाने दाबून आत बसवायचे. काडतूस उघडून बाहेर काढता येते. ठासणीच्या बंदुकीत एकदा भरलेले सहजी निघत नाही. बहुधा ते उडवावेच लागते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी पेनसिल्व्हेनियात धाकट्या भावाकडे गेले होते. त्याला हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची रायफल घ्यायची होती. माझ्या कपाळावरची आठी पाहून तो म्हणाला, “ताई, इथे रीतसर परवाना मिळतो. आणि मारलेलं वाया घालवायचं नाही, खायचं.” त्या राज्यात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम आहे. नाताळ उलटला की तो सुरू होतो. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारीच बंदूक हवी. नळी एकच, तिचा व्यास निदान.४४ इंच, आणि आत एकच गोळी. छर्रे चालत नाहीत. हा शेवटचा नियम ऐकून मी थोडी सावरून बसले. कारण पुढे येईल.

दुकानदार म्हातारे गृहस्थ होते. भाऊ बंदुकांच्या फळीकडे वळला, तसे ते म्हणाले, आधी गोळी ठरवा, मग बंदूक आपोआप ठरेल. मला हे उलटे वाटले. पण ते खरे होते. नळीच्या आत कोरलेल्या आट्यांनी गोळी स्वतःभोवती फिरते. जुन्या पद्धतीच्या गोल गोळीला मंद पीळ पुरतो, ६६ इंचांत एक फेरा. लांबट गोळीला २८ इंचांत एक असा घट्ट पीळ लागतो. एकीची नळी दुसरीला मानवेलच असे नाही. लांबट गोळी दूरवर जोर टिकवते. गोल गोळीचा वेग झपाट्याने उतरतो, म्हणून सावजाच्या जवळ जावे लागते. भावाने अर्ध्या इंचाची नळी आणि गोल गोळी निवडली. गोळी मऊ शिशाची, वजनाने सुमारे साडेअकरा ग्रॅम, तेल लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळून बसवायची. दारू मात्र खरी काळीच हवी. तिच्याऐवजी मिळणारी नवी मिश्रणे चकमकीच्या ठिणगीने नीट पेटत नाहीत. कानाशी घालायची रंजक त्याहून बारीक.

पुढचे दोन रविवार तो सराव करत होता आणि मी पाहत होते. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. पण ती ठोकायची नाही, ठोकली तर आकार बिघडतो. म्हणून गजावर एक खूण केलेली असते आणि दरवेळी गज तेवढाच आत जावा लागतो. आपण ‘ठासून’ म्हणतो तेव्हा जोर अभिप्रेत असतो. इथे नेमकेपणा होता. समीक्षेच्या चर्चासत्रांतला आवाज (माझाही) मला उगाचच आठवून गेला.

आता ते छर्ऱ्यांचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वीची गोष्ट, वडिलांनी एकदाच सांगितलेली. आजोबा सशासाठी बारीक छर्रे ठासून निघाले होते आणि वाटेत भेकर उभे राहिले. बार भेकराचा नव्हता, आणि तो बदलायला वेळ नव्हता. न उडवणे हा पर्याय होता. आजोबांनी उडवला. भेकर रक्त सांडत रानात गेले. ते तिसऱ्या दिवशी व्हाळात सापडले, वासावरून. त्यानंतर आजोबा शिकारीला गेले नाहीत. बंदूक फक्त डुकरे हुसकायला वाजे. वडील गेल्यावर आम्ही ती पोलीस ठाण्यात जमा केली. खुंट्या अजून आहेत.

ही गोष्ट मी भावाला तिथे, त्या सरावाच्या मैदानावर सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. तो बराच वेळ गज पुसत राहिला. मग त्याने कागदाच्या थाळीवर पन्नास पावलांवरून पाच गोळ्या झाडल्या, पाचही लागल्या. सत्तरवरून तीनच लागल्या.

जानेवारीत त्याचा फोन आला. हंगाम संपला होता. एक मादी दिसली होती, झाडीच्या कडेला, आडवी उभी, बराच वेळ. अंधार पडल्यावर त्याने मातीच्या बांधावर बार रिकामा केला आणि घरी आला.

“किती लांब होती?” मी विचारले.

“साठ-पासष्ट पावलं असेल,” तो म्हणाला. “पन्नास ठरली होती.”